वारा यावा, पण कळू नये!

"वारा आला पाहिजे, पण वारा आला हे आम्हाला कळता कामा नये!"

भुजंगराजांनी सिंहासनावर मूठ आपटली. दरबारात कोणी हसेना, कारण राजांच्या मिशीचं एक टोक छताकडे अन् दुसरं जमिनीकडे बघत होतं. अशा मिशीसमोर हसणं म्हणजे गर्दन गमावणं!

झालं होतं असं. कबुतरं मुकुटावर बसतात म्हणून राजांनी दरबाराच्या सगळ्या खिडक्या चिणून टाकल्या. मग आत जीव घुसमटायला लागला. तेव्हा सटवाजी लोहारानं पुरुषभर उंचीचा लोखंडी पंखा घडवला. मागच्या खोलीत दोन बैल गोल फिरायचे, पंखा गरगरायचा आणि भिंतीतल्या भोकातून वारा थेट सिंहासनावर यायचा. भोकावर एक लाकडी झडप होती.

आज सकाळी बैल चालू होते आणि झडप मात्र बंद. "उघडा!" म्हणून राजे ओरडले. शिपायानं झडप ओढली आणि कोंडलेला वारा असा सुटला, की प्रधान अनंतपंतांची पगडी उडून राजांच्या ताकात पडली! बैल हळू केले तर राजांना घाम फुटला. जोरात हाकले तर राजे सात वेळा शिंकले.

"परवा भर दरबारात समई लावू," राजे म्हणाले. "तिची ज्योत हलायची नाही, आमची मिशी हलायची नाही आणि आम्हाला घामही यायचा नाही. जमलं नाही तर डावा बैल सोडून त्याच्या जागी सटवाजीला जुंपा!"

"आणि बैल, महाराज?" पंतांनी विचारलं.

"तो तुमच्या जागी बसेल. निदान असले प्रश्न तरी विचारणार नाही!"

सटवाजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची बायको चिमा भात्याजवळ बसली होती. लग्न झाल्यापासून भाता तीच ओढायची.

"अगं, परवापासून मला कडबा घाल," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं.

चिमा पोट धरून हसली. मग तिनं भात्याच्या तोंडाकडे पाहिलं. "अहो, तो वारा आत येतो. पण जातो कुठून?"

"जातो? जायला वाटच नाही की!"

"मग बिचारा पगडी घेऊन फिरेल नाही तर काय करेल? चला!"

दोन दिवस दरबारात ठोकाठोक चालली. चिमानं सिंहासनावर वारा सोडणारं मोठं भोक बुजवून टाकलं. त्याऐवजी छताखाली सात लहान भोकं पाडली, म्हणजे वारा वर पसरून सावकाश खाली उतरेल. समोरच्या भिंतीतही वरच्या बाजूला भोकं पाडली. शिळी हवा बाहेर जायला ती वाट. कबुतरं येऊ नयेत म्हणून त्या भोकांना जाळी ठोकली. प्रत्येक भोकाला झडप आणि सगळ्या झडपांना मिळून एकच दोर!

"आधी झडपा उघडायच्या, मग बैल हाकायचे," तिनं नवऱ्याला बजावलं. "थांबवताना आधी बैल, मग झडपा. दरबारात माणसं कमी असली की झडपा अर्ध्या लावायच्या अन् बैलही हळू करायचे. एकच केलंत अन् दुसरं विसरलात, तर पुन्हा पगडी ताकात!"

"पण वारा जास्त झाला हे मला मागच्या खोलीत कसं कळणार?"

चिमानं वाऱ्याच्या वाटेत पत्र्याची एक हलकी पट्टी टांगली आणि तिची दोरी बैलांपाशी नेऊन घंटेला बांधली. वारा वाढला की पट्टी मागे ढकलली जाई, दोरी ताणली जाई आणि घंटा वाजे. घंटा वाजली की सटवाजीनं बैल आवरायचे. बस्स!

परवाचा दिवस उजाडला. शालजोड्या पांघरलेले दोनशे मानकरी दाटीवाटीनं बसले. समई लावली. राजे घटकाभर ज्योतीकडे टक लावून बसले. ज्योत हलली नाही. मिशी हलली नाही. कपाळ कोरडं ठणठणीत!

आणि राजे गरजले, "फसवणूक! वारा आहेच कुठे? आम्हाला तर काहीच कळत नाही! जुंपा सटवाजीला!"

"थांबा, महाराज!" चिमा पुढे आली. "वारा नाहीच म्हणता? नक्की?"

"नक्की!"

"मग नसलेला वारा मी बंद केला तर चालेल?"

"खुशाल कर!"

चिमानं हाळी दिली. बैल थांबले. झडपा खाली आल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पंतांनी शाल काढली. कोणीतरी न्याहारीला लसणीची चटणी खाल्ली होती, ते साऱ्या दरबाराला कळलं. राजांच्या कपाळावर एक थेंब आला, नाकावर आला आणि टपकन मांडीवर पडला. मिशीची दोन्ही टोकं हळूहळू खाली लोंबली.

"अगं बाई, उघड!" राजे कळवळले.

"काय उघडू, महाराज?"

"तो... वारा!"

"कुठला? जो नव्हताच तो?"

राजांनी तोंड उघडलं. चटणीचा वास आला तसं घाईनं मिटलं. शेवटी नाक दाबूनच ते ओरडले, "होता! होता! वारा होता!"

आधी झडपा उघडल्या, मग बैल चालले. राजांनी पोटभर श्वास घेतला आणि असे खदाखदा हसले, की सगळ्या दरबारालाही हसायची परवानगी मिळाली! त्यांनी हातातला सोन्याचा तोडा काढून चिमाच्या ओंजळीत टाकला.

"आजपासून ही आमची हवालदार!"

"महाराज, हवालदार फौजेत असतो!" पंत म्हणाले.

"हवा हिच्या हातात, दार हिच्या हातात. मग ही हवालदार नाही तर कोण?"

"पण मग मधला 'ल' कुठून आला?"

चिमानं पदर खोचला. "तो लोहारणीचा, पंत!"

राजे हसता हसता सिंहासनावरून घसरले.