तारेवर सापडलेला अर्धा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. तंबोरे करणाऱ्यांच्या एका गावात एक गुरुजी होते. गणितात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. दिवाळीआधी ते अपूर्णांक शिकवत, दिवाळीनंतर दशांश. तीस वर्षं हा क्रम चुकला नाही. पोरं दोन्ही धडे घडाघडा म्हणून दाखवत, आणि म्हणता आलं की झाला पास!

त्या शाळेत सगुणा नावाची एक मुलगी होती, तंबोरे करणाऱ्या एका कारागिराची लेक. तिला पाठ व्हायचं, पण पटायचं नाही.

"गुरुजी, शून्य दशांश पाच असतं कुठे?" तिने एकदा विचारलं.

"फळ्यावर! दिसत नाही का?"

"आणि अर्धा?"

"तो दिवाळीआधीच झाला. आता मागचं उकरू नकोस, बस खाली."

पोरं खो खो हसली. सगुणा बसली, पण पोर हट्टी! समजल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही म्हणजे नाही. परीक्षेत तिने पाटी कोरी ठेवली. पुढच्या परीक्षेतही तेच.

शाळेचा नियम असा, की गणितात दोनदा नापास झालं की नाव काढायचं. गुरुजी म्हणाले, "उद्या वडिलांना घेऊन ये." बिचारी घरी जाईपर्यंत रडत होती. शाळा म्हणजे तिचा जीव की प्राण होती.

दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांच्या हातात एक लांब फळी होती आणि तिच्यावर एकच तार ताणून बसवलेली होती.

"गुरुजी, मी अंगठाबहाद्दर माणूस," ते म्हणाले. "पोरीनं मागितली म्हणून ही आणली. तिला एकदा काय ते विचारू द्या, मग खुशाल नाव काढा."

"विचार बाई, विचार," गुरुजी म्हणाले. टाक त्यांनी शाईत बुडवूनच ठेवला होता.

सगुणाने तारेएवढा दोरा घेतला, मधोमध दुमडला आणि फळीवर खूण केली. "हा अर्धा, गुरुजी." तिने आधी मोकळी तार छेडली, मग त्या खुणेवर तारेखाली लाकडाचा तुकडा सरकवला आणि पुन्हा छेडली. मोकळ्या तारेचा सा आता वरच्या सप्तकात वाजला. मग तुकडा काढून तिने तारेच्या लांबीचे दहा सारखे भाग पाडले. "आता तुमचं शून्य दशांश पाच कुठे येतं, ते तुम्हीच दाखवा."

गुरुजींनी बोटाने भाग मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. बोट नेमकं अर्ध्याच्या खुणेवर येऊन थांबलं. तिथे तुकडा ठेवून त्यांनी तार छेडली. तोच सा!

गुरुजींनी पुन्हा मोजलं, पुन्हा छेडलं. मग स्वतःच दोऱ्याच्या चार घड्या घालून त्यातल्या तिनांचा पाऊण मोजला. तो सात आणि आठच्या बरोब्बर मध्ये आला.

"शून्य दशांश पंचाहत्तर!" ते पुटपुटले. "अगं, हा तर आपला पाऊण!" हे त्यांनी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, पण पाहिलं आजच.

नियम अजूनही गुरुजींच्याच बाजूने होता. पाटी कोरी ती कोरीच. "आज तुला कळलं, पण परीक्षा झाली," एवढं म्हटलं असतं तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. सगळे टाकाकडे बघत होते. गुरुजींनी तो खाली ठेवला.

"पोरांनो," ते म्हणाले, "हिला समजलं नव्हतं, म्हणून हिने पाटी कोरी ठेवली. मला समजलं नव्हतं, तरी मी तीस वर्षं फळा भरत राहिलो. नाव राहील हिचं."

वडिलांनी डोळे पुसले. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठली. "सात आणि आठच्या मधल्या जागेचेही दहा भाग होतील?"

"होतील," सगुणा म्हणाली.

"आणि त्यातल्या एका भागाचे?"

"त्याचेही होतील."

"मग संपतं कुठे?"

सगुणाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खुर्ची सोडून पोरांत येऊन बसले आणि त्या तारेकडे बघतच राहिले.

"बाळांनो, संपतच नाही," ते हळूच म्हणाले. "एवढ्याशा तारेत, बघा तरी!"

तात्पर्य: कोरी पाटी पाहून मुलाला 'ढ' म्हणण्याआधी शिकवणाऱ्याने स्वतःला विचारावं, मला तरी हे समजलंय का?