मोजून झालेली विहीर

पूर्वी वेत्रावती नगरीत सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील नगरसभेचा प्रमुख होता. त्याचे नाव सुजात. नगरात कोणी घर बांधो की भिंत पाडो, पाच जणांच्या या सभेच्या संमतीवाचून वीट हलत नसे. सुजात न्यायी म्हणून ख्यात होता, आणि त्यालाही स्वतःविषयी तसेच वाटे.

एका वर्षी नदीला पूर आला आणि काठची कोष्ट्यांची आळी वाहून गेली. बारा कुटुंबे धर्मशाळेत येऊन राहिली. धर्मशाळेत माग मांडायला जागा नव्हती, त्यामुळे विणणारे हात मोलमजुरी करू लागले. अखेर त्यांच्यातील रेवा नावाच्या विधवेने सभेपुढे येऊन विनंती केली, "उत्तर वेशीजवळचं माळरान पडीक आहे. तिथं आम्हाला बारा लहान घरं बांधू द्या."

त्या माळरानाला लागून चांगल्या घरांची एक गल्ली होती. तेथे राहणारा पोतलिक श्रेष्ठी लगेच उठला. "बारा घरं म्हणजे साठ माणसं. आमची विहीर आटेल."

शंका रास्त होती. सुजात स्वतः विहिरीवर गेला. त्याने सकाळपासून दुपारपर्यंत साठ माणसांना पुरेल इतके पाणी उपसवले. पाणी दोन हात खाली गेले आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पहिल्या पायरीला लागले.

मग पोतलिक म्हणाला, रस्ता अरुंद आहे. सुजातने दोन बैलगाड्या समोरासमोर आणवल्या. त्या एकमेकींना न घासता पार झाल्या. त्यानंतर माळावरच्या पळसांच्या तोडीची गोष्ट निघाली, मग सांडपाण्याची. दर वेळी निर्णय पुढच्या सभेवर गेला. असे सहा महिने लोटले.

एकदा सभा उठल्यावर रेवा सुजातपाशी आली. तिच्या आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता.

"महाराज, विहीर मोजलीत, रस्ता मोजलात, झाडंसुद्धा मोजलीत. आता काय मोजायचं राहिलंय, तेवढं सांगा. म्हणजे पोराबाळांना सांगता येईल, अजून किती दिवस ते."

 सुजात घरी आला आणि रोजच्यासारखा ओसरीवर बसला. त्याचे घर त्याच गल्लीत शेवटचे होते आणि ओसरीसमोर ते माळरान पसरले होते. पत्नी वारल्यापासून दिवस मावळताना तो इथेच बसे. समोर कोणी नसे, कसला आवाज नसे. बसल्या बसल्या त्याला आठवले, की पळसांची शंका पोतलिकाने काढलीच नव्हती. ती त्याने स्वतः काढली होती. सांडपाण्याचीही.



पुढच्या सभेत सुजात आपल्या आसनावरून उतरला आणि अर्जदार उभे राहतात तेथे जाऊन उभा राहिला.

"या प्रकरणात मी न्याय करायला बसलो होतो, पण मी शेजारी आहे," तो म्हणाला. "ही घरं मला नको आहेत. माझ्या दारासमोर माग खटखटणार, ते मला नको आहे. एवढंच माझं कारण आहे. विहिरीला पाणी भरपूर आहे, रस्ता पुरेसा आहे. माझ्या नावडीसाठी ही माणसं सहा महिने धर्मशाळेत राहिली."

पोतलिक हसून म्हणाला, "झालं तर! प्रमुखांचाच विरोध आहे."

"विरोध करण्याजोगं कारण माझ्यापाशी नाही, श्रेष्ठी. तुमच्यापाशी असेल तर सांगा. पण खरं असेल तेच सांगा."

पोतलिकाचे हसू मावळले. तो खाली बघत म्हणाला, "माझ्या मुलीला स्थळं येतायत. लोक म्हणतील, कोष्ट्यांच्या वस्तीतली..." वाक्य त्याला पुरे करवेना. मोठ्याने उच्चारल्यावर ते कारण त्याचे त्यालाच लहान वाटले असावे. तो खाली बसला.

सुजात आसनावर परतला नाही. उरलेल्या चौघांनी विचार करून संमती दिली. अट एकच घातली, की उताराकडची दोन घरे वर सरकवावीत, कारण पावसात तेथे पाणी साचते. रेवाने ती मानली आणि सुजातकडे वळून म्हणाली, "उजाडायच्या आधी माग चालवणार नाही, महाराज."

"तुमच्या कामाच्या वेळेला चालवा," सुजात म्हणाला.

घरे उभी राहिली. मागांचा आवाज सुजातला आवडू लागला असे काही झाले नाही. सुरुवातीची कित्येक वर्षे तो त्याला खुपतच राहिला. पण त्या आवाजाविषयी तो पुन्हा कधी स्वतःशी खोटे बोलला नाही.

कुटीच्या जागेवरून नाना कारणे पुढे करीत भांडणाऱ्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पोतलिक म्हणजे आज तुमच्यात बसलेला वारण. रेवा म्हणजे भिक्षुणी मालिनी. सभेतले चौघे तुमच्यापैकीच होते, आणि सुजात मीच होतो. दुसऱ्याला खरे सांगणे सोपे असते. आपल्या मनाला खरे सांगणे, ती सत्यपारमी, म्हणजे सत्याची परिपूर्णता. त्या जन्मी मी तिच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला."