पळसडोहचा पहिला रोडगा

फार वर्षांपूर्वी, पळसडोहला जायला धड गाडीवाटही नव्हती, तेव्हा त्या गावात सारजा नावाची बाई राहत होती. उघड्या हातांनी ती निखारे सारायची आणि तिच्या हाताला फोड येत नसे, असं म्हणतात.

तिचं काम रोडगे भाजायचं. रोडगा म्हणजे कणकेचा मुठीएवढा गोळा. गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचे निखारे झाले की त्यात तो पुरायचा, आतपर्यंत भाजला की काढून राख झटकायची, फोडायचा आणि वर तूप ओतायचं. मार्गशीर्षात गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली मातामायेला रोडग्यांचा नैवेद्य असे आणि सारं गाव तिथेच जेवत असे.

सारं गाव म्हणायचं आपलं. आधी पुरुष बसत. मग पोरं. बायका शेवटी. तोवर वांग्याच्या भाजीचा रस्सा उरलेला असायचा आणि फुटके, करपलेले रोडगे. पहाटेपासून दळणाऱ्या, मळणाऱ्या, धुरात डोळे चोळणाऱ्या बायका तेच खात आणि घरी जाऊन भांडी घासत. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मला हे सांगतानाही राग येतो, पण तेव्हा कुणाला आला नाही.

गावाचे पाटील होते देवमन पाटील. त्यांना एकच अभिमान. आमच्या गावचे रोडगे पंचक्रोशीत सगळ्यांत पांढरे! त्यासाठी पीठ सात वेळा चाळायचं. आधी चाळणीतून, मग लुगड्याच्या पातळ कापडातून. खाली पडे ते सपीट देवीला आणि पंगतीला. वर उरे तो कोंडा पाटलांच्या म्हशींना. पाटलांकडे प्रत्येक सणाला असंच पीठ लागे आणि ते चाळायला गावातल्या बायका जात.

त्या वर्षी सारजाची लेक कौतिका बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं लेकरू जन्मताच गेलं होतं. आता पुन्हा सातवा महिना लागला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती आईबरोबर पाटलांच्या ओसरीवर पीठ चाळायला बसली आणि चाळता चाळता आडवी झाली. हातातली चाळण घरंगळत अंगणात गेली.

सुईण ठकूबाई धावत आली. तिने कौतिकाची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. "सारजे, इच्या अंगात रगतच नाही वं. मागच्या खेपेला लेकरू गेलं. या खेपेला दोघंही जातीन."

सारजाची नजर अंगणात गेली. तिथे पाटलांची म्हैस टोपल्यातला कोंडा खात होती. म्हशीचं अंग असं तुकतुकीत की त्यात तोंड पाहावं. आणि इकडे कौतिका, चुन्यासारखी पांढरी. असं म्हणतात की सारजाने एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि तिच्या आतला विस्तव तेव्हा जो पेटला तो मरेपर्यंत विझला नाही.

ती पाटलांपुढे उभी राहिली. "पाटील, तो कोंडा मले द्या."

पाटील पान लावत होते. "काय वं सारजे, माह्या म्हशीच्या तोंडचा घास मागतं?"

"तुमची म्हैस पाहा अन् माही पोरगी पाहा."

"ने बापा. पण म्हशीले विचारून ने!"

ओसरीवरची माणसं खो खो हसली. सारजाने म्हशीसमोरचं टोपलं उचललं, म्हशीला म्हणाली, "येतो वं बाई," आणि चालू लागली.

पण नुसत्या रागाने रोडगा गोड होत नाही. घरी जाऊन तिने कोंड्यात थोडी कणीक घालून रोडगे भाजले, ते दगडासारखे झाले. कौतिकाने एक घास घेतला आणि थुंकला. "माय, हे गवत हाय. माह्यानं गिळवत नाही." शेजारच्या पोरांनी तर तो रोडगा हातात घेऊन विचारलं, "आजी, हा रोडगा हाय का गोवरी?" आणि त्याचा चेंडू करून चेंडूफळी खेळली.

त्या दिवशी सारजा रडली, असं म्हणतात. मग तोंड धुतलं आणि पुन्हा परात घेतली. न चाळलेली कणीक घेतली. त्यात जाडसर हरभऱ्याचं पीठ मिसळलं. गुळाच्या पाण्यात बडीशेप घालून त्यात ते मळलं आणि तासभर झाकून ठेवलं, म्हणजे कोंडा भिजून मऊ होईल. मग पोळी लाटून तिच्यावर शेंगदाण्याचं कूट पसरलं, घड्या घातल्या, गोळा केला आणि पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यात ठेवला.

पान जळून गेलं. पण त्याची शीर न् शीर रोडग्याच्या अंगावर उमटली, जणू कुणी नक्षी काढली आहे. आणि वास! त्या वासाने नदीपलीकडच्या रानातली गुरं घराकडे वळली, असं म्हणतात. गुरांचं मला माहीत नाही, पण पोरं मात्र नक्की आली. ज्यांनी चेंडूफळी केली होती तीच पुढे होती. "आजी, पानवाला मले! मले दोन!"

कौतिकाने अख्खा रोडगा खाल्ला आणि राखेत काडीने अजून एखादा आहे का ते शोधलं. मग रोज एक, पुढे रोज दोन. महिन्याभरात तिच्या ओठांवर रंग आला. ठकूबाईने पुन्हा पापणी ओढून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या आणखी दोन पोटुशा बायांना घेऊन सारजाच्या अंगणात आली. त्यांच्या मागून लेकुरवाळ्या आल्या. बघता बघता गावात पीठ चाळायला बाई मिळेना.

पाटलांना मिरच्या झोंबल्या. मार्गशीर्ष आला तशी त्यांनी दवंडी पिटवली की देवीला कोंड्याचा रोडगा चालणार नाही आणि सारजाने यंदा निखाऱ्यांना हात लावायचा नाही. गड्यांकडून त्यांनी पीठ चाळून घेतलं, गड्यांकडूनच गोवऱ्या रचून घेतल्या. पांढरेशुभ्र रोडगे निखाऱ्यात पुरले.

आणि निखारे काळे पडले.

असं म्हणतात की गड्यांनी फुंकून फुंकून गाल सुजवून घेतले, तूप ओतलं, कापूर टाकला, पण ठिणगी धरेना. सूर्य माथ्यावर आला. रोडगे कच्चेच. पंगतीला बसलेली माणसं पत्रावळीकडे पाहू लागली. दूर एका झाडाच्या मुळाशी सारजा बसली होती, शेजारी नववा महिना लागलेली कौतिका.

"चेटूक केलं इनं!" पाटील ओरडले.

सारजा उठली. जन्मभर ती खाली मान घालून बोलली होती. त्या दिवशी मान वर होती.

"चेटूक नाही, पाटील. सात खेपा चाळता तुम्ही. चाळणीत वर काय राह्यते ते पाह्यलं कधी? गव्हाचं बळ राह्यते. ते म्हशीले. पांढरं तुमाले. अन् बायांले करपलेलं. या गावात किती बाया बाळंतपणात गेल्या ते ठकूबाईले विचारा. इतक्या गेल्या, तवा देवी कोपली म्हणे. देवी कायले कोपते! आपणच त्यायले उपाशी मारलं."

पंगतीतल्या माना ठकूबाईकडे वळल्या.

"निखारा मी फुलवतो. पण पहिला रोडगा माही कौतिका खाईन."

पुजारी दचकला. "देवीच्या आधी? बाई, भान हाय का?"

"तिले मातामाय म्हणता ना? मंग सांगा, लेकरू उपाशी ठेवून कोनती माय आधी जेवते? अशी माय असंन, तर आजपासून मी तिले हात जोडत नाही."

एवढं बोलून सारजाने कोपरापर्यंत हात राखेत घातले. असं म्हणतात की आधी धूर आला, मग लाल रेघ दिसली, आणि मग सारा ढीग पहाटेच्या आभाळासारखा फुलला. तिने ते पांढरे गोळे बाजूला सारले आणि सोबत आणलेले आपले पळसाच्या पानातले रोडगे ठेवले. भाजून झाल्यावर पहिला काढला, फुंकर मारली आणि लेकीच्या हातात दिला.

कौतिकाने देवीकडे पाहिलं. मग तिने रोडगा फोडला आणि घास घेतला. त्याच क्षणी देवीच्या शेंदरी दगडावर, अंगाला दूध फुटावं तसे पांढरे थेंब आले, असं म्हणतात. पुजाऱ्याने ते पाहिलं आणि खाली बसला. पाटलांनीही पाहिलं. तुपाचा गडवा त्यांनी स्वतः उचलला आणि कौतिकाच्या रोडग्यावर धार धरली.

आठ दिवसांनी कौतिकाला मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं पाटलांच्या ओसरीपर्यंत ऐकू गेलं.

सारजा पुढे पुष्कळ वर्षं जगली. ती गेली तेव्हा तिला त्या कडुनिंबाजवळच अग्नी दिला. ऐन थंडीत त्या जागी हात ठेवला तर माती अजून कोमट लागते, असं म्हणतात.

आजही मार्गशीर्षात त्या दिवशी पळसडोहात घराघरातली चाळण कडुनिंबावर पालथी टांगतात. पोटुशा आणि लेकुरवाळ्या बाया पहिल्या पंगतीला बसतात, पुरुष वाढतात, आणि पाटलांच्या घरचा माणूस तुपाचा गडवा घेऊन शेवटपर्यंत उभा राहतो. पानाची नक्षी उमटलेला पहिला रोडगा पोटुशी बाई फोडते. मगच देवीचा नैवेद्य.

मध्ये एका वर्षी गावात एकही बाई पोटुशी नव्हती. म्हातारे म्हणाले, यंदा देवीपासून सुरुवात करू, काय हरकत आहे? बायका उठून उभ्या राहिल्या. पहिलं पान रिकामंच ठेवलं. रोडगे झाकून सारं गाव उपाशी बसलं, आणि चार पोरं सायकली घेऊन चार दिशांना गेली. दुपार कलली तेव्हा त्यातला एक जण वीटभट्टीवरून एका बाईला घेऊन आला. परमुलखातली होती. आठवा महिना, हाताला माती, डोळ्यांत भीती, की आपण काय गुन्हा केला.

तिचं नाव, गाव, जात कुणी विचारली नाही. तिचे हात धुतले, तिला पहिल्या पानावर बसवलं आणि रोडगा तिच्या हातात दिला.

ती खात होती, तोवर देवी थांबली होती.