चुना न धरणारी भिंत

आमच्या तारांगण कॉलनीच्या टोकाला ती तीन मजली उंच, एकटी भिंत दिसते ना? ना छप्पर, ना दार. नव्या माणसाला वाटतं, बांधकाम अर्धं राहिलंय. तुम्ही गाडी थांबवून बघत राहिलात, नंबरही बाहेरगावचा, म्हणून आले सांगायला. सिनेमाचा पडदा आहे तो. पूर्वी इथे उघडं मैदान होतं आणि लोक मोटारीत बसूनच सिनेमा बघायचे.

दर दसऱ्याआधी या भिंतीला चुना मारायची गोदाक्का. चुन्याची कळी आठ दिवस भिजवायची, त्यात सरस आणि चिमूटभर नीळ. असे सांगतात की तिच्या हातच्या पांढऱ्यापुढे चांदणंही मळकं दिसे. तिचा नवरा मारुती परांची बांधायचा. एका वर्षी तो वरून पडला आणि दोन्ही पाय गेले. मालक रावसाहेबांनी म्हणे एक पोतं ज्वारी पाठवली. संपलं.

मारुतीनं बायकोकडे एकच मागणं केलं. "ज्या भिंतीपायी पाय गेले, तिच्यावर काय दिसतं ते एकदा बघायचंय गं."

ती त्याला पाठुंगळी घेऊन फाटकाशी गेली. फाटकवाला म्हणाला, "आक्का, चार चाकं असल्याशिवाय आत सोडायचं नाही, मालकांचा हुकूम आहे." ती परत फिरली आणि भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली. वर मारुती बसलेला.

"घे मोजून. एक, दोन, तीन, चार."

रांगेतल्या मोटारींतली माणसं खो खो हसली, भोंगे वाजवू लागली. रावसाहेब स्वतः आले. "आज ही, उद्या रेड्याची गाडी आणशील!" म्हणाले, आणि हातगाडी मागे रस्त्यावर ढकलली. हे सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भिंत पांढरी करणाऱ्या बाईला त्याच भिंतीसमोर उभं राहायला जागा नाही!

मारुती त्या थंडीतच गेला. तेराव्याला गोदाक्कानं आपला काथ्याचा कुंचला भिंतीपाशी मोडला. भिंतीला म्हणाली, "माझ्या माणसाला घेतलं नाहीस, आता चुनाही घेऊ नकोस."

पुढच्या दसऱ्याला दुसरे गडी लावले. सकाळी मारलेला चुना दुपारी पापुद्रे होऊन खाली. ऑइलपेंट दिला, तोही सुटला. नायिकेच्या गालावर भलेमोठे डाग, नायकाला नाकच नाही. लोक भोंगे वाजवून परत जाऊ लागले.

शेवटी रावसाहेब मोटार घेऊन तिच्या झोपडीवर गेले. ती आतूनच म्हणाली, "मोटार तिकडंच ठेवा. पायी या." ते आले, हात जोडले. "आक्का, चुकलो. चल, दोघांना सगळ्यांत पुढं बसवतो."

"दोघं कुठून आणू?" एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं.

वर्षभरात थेटर बंद पडलं, मैदानाचे प्लॉट झाले. भिंतीला हात लावायला मात्र कुणी धजलं नाही.

आजही आमच्या कॉलनीत घर रंगवून झालं की आधी रंगाऱ्याला हॉलमध्ये खुर्चीवर बसवतात, चहा देतात, मग घरची माणसं टेकतात. गेल्या वर्षी तीन नंबरच्या साहेबांनी रंगाऱ्यांना पायरीवरच पाणी दिलं, तेही वेगळ्या ग्लासात. मी सांगायला गेले, तर म्हणतात, "काकू, तुम्ही तुमचं बघा."

बघतेच आहे. दोनदा नव्यानं रंग देऊन झाला त्यांचा, पोपडे अजून पडताहेत.