धुरपतेचा दम

फार फार वर्षांपूर्वी, ताऱ्यांमधून चाललेलं आपलं जहाज अजून अर्ध्या वाटेलाही लागलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जमिनीवरून जे चढले होते ते कधीच मातीला मिळाले होते. पुढच्या जमिनीवर जे उतरणार त्यांच्या पणज्याही अजून जन्मल्या नव्हत्या. मधल्यांनी नुसतं जगायचं, जहाजातली शेतं राखायची आणि मरायचं. कशासाठी, ते कोणी विचारत नसे. विचारून करणार काय? उतरून जायची सोय होती कुठे?

हवा मोजकी, म्हणून कायदा कडक. एक माणूस जाईल तेव्हा एक मूल येईल. मरायला टेकलेल्याने आपली जागा एखाद्या बाईला बोलून ठेवायची, मगच तिने पोटाचा विचार करायचा. जागा नसलेलं मूल जन्मलं, तर ते मोठ्या दारातून बाहेर काळोखात द्यायचं. दाराशी हवेचा काटा होता, तो मुकादम रंगराव राखायचा. काटा एका माणसाने जरी खाली आला तरी सगळं जहाज गुदमरेल, असं त्याला त्याच्या बापाने सांगितलं होतं. बापाला आज्याने. खरंखोटं करून कोणी बघितलं नव्हतं.

शेवंता नावाच्या बाईला भिवाजी आज्याने जागा बोलली होती. आजा खाटेला खिळलेला, आज जातो की उद्या. पण शेवंताचे दिवस भरत आले तसा हा उठून बसला. भाकर मागितली. मग वर चटणी मागितली.

"आजा, काय ठरवलंय तुम्ही?" बाया तोंडावर विचारायच्या.

"प्रयत्न करतोय गं बायांनो," म्हातारा मान खाली घालून म्हणायचा.

हसू नका. शेवंताला हसू येत नव्हतं.

आता धुरपता. जहाजाच्या बाहेरच्या पत्र्याला चीर गेली की हवेचा अंगरखा घालून, कमरेला दोर बांधून बाहेर जायचं आणि ठिगळ मारून यायचं, हे तिचं काम. एकटा जीव, तोंडाची फटकळ. तिची कमरेची गाठ तिच्याशिवाय कोणाला सुटत नसे, असं म्हणतात.

ती शेवंताच्या दारात येऊन उभी राहिली. "रडतेस कशाला, भवाने? रडायला मूल येतंय की."

"त्याला जागा नाही, धुरपताक्का."

"जागा काय त्या रंग्याच्या बापाची आहे?" असं म्हणून ती ठिगळाला निघून गेली.

मागून दोर ओढला तो हलका आला. तुटला नव्हता. गाठ सोडलेली होती.

ते टोक बघून शेवंताला तिथेच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. "जागा झाली," रंगराव म्हणाला आणि त्याने घाम पुसला.

पाचवीची पूजा मांडली, दिवा लावला, आणि पाळण्यामागचा पत्रा बाहेरून वाजला. दोन हलके, एक जड. धुरपतेच्या हातोडीचा ठोका सगळं जहाज ओळखत होतं. पण अंगरख्यातली हवा जेमतेम अर्धा दिवस पुरते, हेही सगळं जहाज जाणून होतं.

सगळ्यांनी शेवंताकडे बघितलं. धुरपता जिवंत असेल तर जागा तिची. मग मुलगी कोणाच्या जागेवर?

"मला काही ऐकू येत नाही," शेवंता म्हणाली.

"पत्रा तापला की वाजतो," रंगराव म्हणाला. बाहेरच्या त्या काळोखात पत्रा तापवतो कोण, ते त्याने सांगितलं नाही.

शेवंताने पाळणा सरकवला, ठोके पाळण्यामागोमाग गेले. दुसऱ्या टोकाला नेला, तिथेही. पोर रडायचं थांबून पत्र्याकडे बघत राहायची. लोक शेवंताच्या घरावरून जाताना मोठ्याने गाणी म्हणू लागले. हळूहळू यायचेच बंद झाले. तिचं दूध आटलं. पोर वाळत चालली.

शेवटी शेवंता पोरीला घेऊन दाराशी गेली. बघायला सगळं जहाज लोटलं.

"मुकादम, दार उघडा."

"उघडलं आणि ती खरंच आत आली, तर पोरीला कुठे ठेवशील?"

"मांडीवर."

"आणि हवा?"

"ती इतके दिवस हवेशिवाय बाहेर आहे, आणि तुम्ही मला हवा सांगता? तिला आत यायचंय, एवढंच. खोटं मी बोलले होते. आता उघडा."

रंगरावाने उघडलं. बाहेरचं दार, मग ते लावून आतलं. मधे कोणी नव्हतं. नुसता गारठा आत आला. गारठा गर्दीतून चालत गेला, आणि ज्याच्या ज्याच्याजवळून गेला तो तो बाजूला सरला. का सरलो, ते कोणालाच सांगता येईना, असं म्हणतात.

आणि काटा एका माणसाने खाली आला.

"संपलं!" रंगराव ओरडला. माणसं होती तिथे खाली बसली. एकमेकांचे हात धरले. उगाच शेजारच्याचा श्वास आपण खाऊ नये म्हणून जो तो हळू श्वास घेऊ लागला. असं बराच वेळ. काटा तिथेच राहिला. मेलं कोणी नाही. पोरीने उचकी दिली, आईला लुचली, आणि शेवंताला पान्हा फुटला.

भिवाजी आजा उठून उभा राहिला. "एवढ्याने काही होत नव्हतं, तर मी तोंड लपवून का जगत होतो रे, रंगराव?"

रंगराव दाराकडे बघू लागला. सगळेच बघू लागले. कारण एकच विचार सगळ्यांच्या मनात एकदम आला. या दारातून आजवर किती पोरं बाहेर दिली?

तेवढ्यात पत्रा वाजला. हातोडीने नाही. खालच्या बाजूला, पायांलगत, इवल्या मुठींनी मारावं तसं मऊ मऊ. एकीकडे, मग चहूकडे.

त्या दिवसापासून आपल्या जहाजात मूल जन्मायला कोणाच्या मरणाची वाट बघत नाहीत. नवीन पोराचं रडणं ऐकू आलं की शेतातलं शेतात, चुलीवरचं चुलीवर टाकून सगळे दाराशी जमतात, दार उघडून लावतात, आणि खेटून बसून हळू श्वास घेतात. याला धुरपतेचा दम म्हणतात. बसायचं ते मांडी घालून आणि मांडी मोकळी ठेवून. ज्याची मांडी गार पडते तो ओरडत नाही, खाली बघत नाही. ती पुन्हा ऊबदार होईपर्यंत तो जागचा उठत नाही.