माहेरची काठी

एका राज्यात जमीन मोजणारे मापारी एक रीत पाळत. रानात काठी सरळ रोवायची आणि तिची सावली सर्वांत आखूड झाली की दोर ठेवून भाकरी सोडायची. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी तर भर दुपारी राजधानीत काठीची सावली पार नाहीशी होई.

राजा वज्रसेनाला हाव सुटली. "पृथ्वीचा काठ शोधा! तिथवर माझं राज्य!"

ही हाव पाहून जादूगार करालनाथ कोपला. "काठ शोधायला जाईल तो दगड होईल. पृथ्वीचा आकार आणि माप कुणी सांगेल, तेव्हाच शाप सुटेल."

राजा कसला ऐकतो! त्याने थोरला मापारी बहिर्जी धाडला. वेस ओलांडताच बहिर्जी दगड झाला.

त्याची बायको राही तीन वर्षं रोज त्या दगडापुढे भाकरी ठेवी आणि रडे. एके दिवशी जादूगाराची साळुंकी दगडावर येऊन बसली. "बाई, तीन उत्तरं दे, नवरा घेऊन जा. चुकलीस तर तूही दगड."

"विचार."

"समुद्रावर काय पाहिलंस?"

"दूर जाणाऱ्या गलबताचं आधी अंग बुडतं, मग शीड. पाणी फुगीर आहे."

"चंद्रावर?"

"ग्रहणात त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते. दर वेळी तिची कड गोलच. पृथ्वी चेंडूसारखी आहे, काठ आणायचा कुठून?"

"मग तिचा घेर केवढा?"

दगडाशी पडलेला बहिर्जीचा दोर राहीने उचलला. अहो, पृथ्वीला दोर लावणार कोण? मग तिला माहेर आठवलं. राजधानीच्या थेट उत्तरेला, चाळीस दिवसांच्या वाटेवर. तिथं त्या मोठ्या दिवशीही भर दुपारी आठ हातांच्या काठीची सावली हातभर उरे. सासरी तिने हे सांगितलं, तेव्हा बहिर्जी पोट धरून हसला होता. "तुझ्या माहेरची काठीच वाकडी!"

राहीने डोळे पुसले. "काठी सरळच होती. वाकलीय ती जमीन."

तिने दोराने जमिनीवर वर्तुळ काढलं, त्यात काठीच्या टोकाशी ऊन जेवढं कलतं तेवढा कोन मांडला. तो वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. "चाळीस दिवसांच्या वाटेत जमीन एवढी वाकते. पुरं वळायला त्या वाटेच्या पन्नास पट. पृथ्वीचा फेरा दोन हजार दिवसांचा!"

"बरोबर," म्हणून साळुंकी उडाली. दगड तडकला, आणि आतून बहिर्जी धूळ झटकत निघाला. राजाने मुकाट्याने हुकूम मागे घेतला, मापारी पुन्हा शेतं मोजायला लागले.

बहिर्जी मान खाली घालून उभा होता. "राही, दगडातून सगळं ऐकलं. काठी सरळ होती गं."

"तीन वर्षं लागली हो तुम्हाला!" ती म्हणाली, आणि रडत रडतच तिने भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.