सायरपाड्यातली शुक्रवारची चूल

शुभ शुक्रवारी आमच्या सायरपाड्यात एकाच घरातून धूर निघतो. बाकी सगळ्या चुली थंड. कोळ्यांची वस्ती, सगळे ख्रिस्ती, त्यातून प्रभूच्या मरणाचा दिवस. मग ही चूल कशी पेटली, म्हणून बाहेरची माणसं बावचळतात. तुम्हीही बावचळलात, दिसतंय तोंडावर. बसा, सांगते.

फार जुनी गोष्ट. रेमेत नावाची सून होती इथे. नवरा इनास मासेमारीला गेला, वादळ झालं, आणि त्याची होडी काही परतली नाही. तेव्हा रेमेतनं नवस बोलला, असं सांगतात. गुरुवार रात्रीपासून ईस्टरची घंटा होईपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालणार नाही, पण देवा, माझा माणूस जिवंत परत दे. त्या नवसावरच तिचा जीव टांगलेला होता.

शुक्रवारी दुपारी सगळा गाव चर्चमध्ये. तीही निघालीच होती, तोच अंगणात एक म्हातारा मटकन बसला. घाटावरचा घोंगड्या विकणारा. वाट चुकलेला, पोटात काही नाही. त्या दिवशी गावात शिळा तुकडा मिळणंही मुश्कील. रेमेतनं एकवार चर्चकडे पाहिलं म्हणे, आणि चूल पेटवली. तांदळाची पेज करून त्याच्यापुढे ठेवली.

म्हातारा मात्र हात लावीना. तिचे सुकलेले ओठ त्याला दिसत होते. आज आमचा उपास असतो, असं तिनं सांगून पाहिलं.

"माय, घरात दाणा नसला की आमच्या बायाही उपासच सांगतात," तो म्हणाला. "तू आधी खा. तुझ्या तोंडचं काढून मला नको."

आता आली का पंचाईत! मडकं उघडून दाखवावं, तर तांदूळ खरंच तळाला गेलेले. मिळवता माणूस घरात होता कुठे? म्हातारा तर थरथरत उठायलाही लागला. खावं तर नवस मोडतो, न खावं तर हा पुढे वाळूत कुठेतरी पडणार. रडत रडत रेमेत त्याच्यासमोर बसली आणि पेजेचा पहिला घोट तिनं घेतला. मग तो जेवला.

सासू सांतानबाय चर्चमधून आली ती धूर बघूनच. माझ्या पोराला तूच बुडवलंस, असं ती सुनेला बोलली, आणि पुढे वर्षभर बोललीच नाही. इनास परत आला का? काहीजण आला म्हणून सांगतात. गोष्ट गोड व्हावी असं कुणाला वाटत नाही? पण आमच्या जुन्या बाया सांगायच्या, नाही आला.

पुढच्या शुभ शुक्रवारी मात्र अजबच झालं. सांतानबाय स्वतः चुलीपुढे बसून फुंकर घालत होती. रेमेत दारातच थबकली.

"वाटेवर जा, कुणी उपाशी दिसतंय का बघ," सासू म्हणाली. "इनास जिवंत असला, तर परक्या किनाऱ्यावर कुणाच्या तरी दारात बसला असेल. तिथल्या बाईनं त्याच्यासाठी चूल पेटवावी, हे मी देवाकडे कुठल्या तोंडानं मागू, माझी विझलेली असताना?"

आजही त्या दिवशी ज्या घरची पाळी, तिथली बाई वाटसरूला घरात बोलावते आणि पहिला घोट आपण घेते. तिचा उपास मोडला, असं गावात कुणी म्हणत नाही. यंदा पाळी आमची आहे. पेज निवतेय. मी घेते, मग तुम्ही घ्या.